छोट्या बोअरची बंदूक : प्रस्तावना

छोट्या बोअरची बंदूक म्हणजे बारा बोअरपेक्षा बारीक नळीची, आतून गुळगुळीत आणि छऱ्यांचे काडतूस उडवणारी बंदूक. सोळा, वीस, अठ्ठावीस आणि .४१० ही तिची आज टिकून असलेली मापे. बोअर मोजण्याची पद्धत जुन्या वजनकाट्यातून आलेली आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या गोळ्या केल्या आणि त्यातली एक नळीत नेमकी बसली, तर अशा जितक्या गोळ्या होतील तितका त्या नळीचा बोअर. त्यामुळे आकडा चढतो तशी नळी बारीक होत जाते. बारा बोअरचा आतला व्यास १८.५ मिलिमीटर, सोळाचा १६.८, विसाचा १५.६ आणि अठ्ठाविसाचा १४ मिलिमीटर. .४१० हा आकडा मात्र या हिशोबातला नाही. तो सरळ इंचातला व्यास आहे, म्हणजे सुमारे १०.४ मिलिमीटर. परवानाधारकांच्या बोलण्यात त्याला ‘फोर टेन’ म्हणतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाचकासाठी एक फरक आधीच स्पष्ट करायला हवा. या जिल्ह्यात स्मॉल बोअर म्हटले की .२२ रायफल डोळ्यांसमोर येते, आणि ते स्वाभाविक आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली ती याच रायफलीवर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले तेही याच रायफलीवर. त्या नळीला आतून आटे असतात, एकच गोळी फिरत बाहेर पडते आणि लक्ष्य स्थिर असते. प्रस्तुत पुस्तकातली बंदूक सर्वस्वी वेगळी आहे. तिची नळी गुळगुळीत असते, एका बारात शे-दोनशे छर्रे सुटतात आणि लक्ष्य बहुधा पळते किंवा उडते.

नळी बारीक झाली की नेमके काय बदलते, हा या विषयाचा गाभा आहे आणि सगळे गैरसमजही त्याच्याच भोवती आहेत. छर्रे हळू जातात असे नाही. नळीच्या तोंडाशी त्यांचा वेग बारा बोअरच्या आसपासच असतो. सहा नंबरचा एक छर्रा बारातून सुटो की फोर टेनमधून, चाळीस पावलांवर त्याची मारक शक्ती जवळपास सारखीच राहते. बदलते ती छर्‍यांची संख्या. इंग्लिश मापाच्या सहा नंबरचे एक औंसात, म्हणजे २८ ग्रॅममध्ये, सुमारे २७० छर्रे बसतात. बारा बोअरचे साधे काडतूस तेवढे वजन सहज वाहते. फोर टेनच्या अडीच इंची काडतुसात जेमतेम अर्धा औंस मावतो, म्हणजे १३५ छर्रे. अठ्ठावीस बोअरला पाऊण औंस, वीस बोअरला सात अष्टमांश औंस हे नेहमीचे भरण.

याचा अर्थ कागदावर पाहिला की चटकन कळतो. चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाचे वर्तुळ आखून त्यात किती टक्के छर्रे पडतात ते मोजायचे, ही पॅटर्न तपासण्याची सर्वमान्य रीत. नळीच्या तोंडाशी असलेल्या आवळपणाला चोक म्हणतात. फुल चोकमधून सुमारे सत्तर टक्के छर्रे त्या वर्तुळात पडतात, बिनचोकच्या नळीतून सुमारे चाळीस. फुल चोकच्या बारा बोअरचे १८९ छर्रे वर्तुळात पडले, तर तसल्याच चोकच्या फोर टेनचे ९५ च्या आत-बाहेर पडतील. पसारा दोन्हींचा जवळपास तेवढाच, पण दुसऱ्यात मधल्या फटी इतक्या मोठ्या होतात की होला किंवा तितर त्यातून अंग वाचवून निघून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे एखाददुसरा छर्रा खाऊन जखमी अवस्थेत झुडपात शिरतो. बारीक नळी छर्रे एकवटून मारते, हा समज म्हणून खोटा आहे. फोर टेनची खरी कक्षा पंचवीस यार्डांची. त्यापुढे ती कितीही देखणी असली तरी हातात धरणाऱ्याने थांबायला हवे. अठ्ठावीस बोअर मात्र आपल्या वजनाच्या मानाने फार समतोल पॅटर्न देते. तिच्या काडतुसातली छर्‍यांची रास नळीच्या रुंदीला शोभेल इतकीच उंच असते, त्यामुळे तळचे छर्रे कमी चेपतात आणि हवेत कमी भरकटतात. जाणकार नेमबाज या बोअरवर इतका जीव का लावतात याचे उत्तर इथे आहे.

या बंदुकांचा इतिहास तीन-चार वेगळ्या परंपरांमधून आला. फ्रान्समध्ये लुई फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास बारूद जवळजवळ नसलेले, टोपीच्याच जोरावर उडणारे काडतूस काढले. त्यातून युरोपभर बागेत आणि गोदामात उंदीर-चिमण्यांवर चालवायच्या नऊ मिलिमीटरच्या बंदुका पसरल्या. इंग्लंडमध्ये मागून भरायच्या काडतुसी बंदुका एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळल्या आणि बारा बोअर हे तिथल्या शिकारीचे प्रमाण माप ठरले. त्याच्या सावलीत फोर टेन वाढली. ती मळ्यातली बंदूक, राखणदाराची बंदूक, पोरांना शिकवायची बंदूक आणि मधोमध घडी घालून कोटाखाली दडवता येत असल्याने चोरून शिकार करणाऱ्यांचीही बंदूक होती. अमेरिकेत याच मापांना वेगळी प्रतिष्ठा मिळाली. तिथे लाव्ह्यासारख्या चपळ पक्ष्यांवर हलकी अठ्ठावीस बोअर चालवणे हे कौशल्याचे लक्षण मानले गेले. विंचेस्टर कंपनीने १९३३ मध्ये मॉडेल ४२ ही केवळ .४१० साठी घडवलेली पंप बंदूक आणि तिच्यासोबत तीन इंची काडतूस बाजारात आणले. इंग्रजी परंपरेने छोट्या बोअरला कमी दर्जाचे पण उपयोगी साधन मानले, अमेरिकी परंपरेने कठीण आणि म्हणून मानाचे. आजचे बहुतेक वाद या दोन दृष्टींमधलेच आहेत. पुस्तकाचा कल इंग्रजी परंपरेच्या व्यवहारीपणाकडे अधिक आहे आणि तो योग्य आहे, कारण प्राण्यावर बार टाकताना कठीणपणाचा मान मिरवणे हा क्रूरपणा ठरतो.

भारतातली वाट या दोन्हींपासून वेगळी झाली. १८५७ नंतर इंग्रज सरकारला देशी माणसाच्या हातात आटेदार रायफल नको होती. पोलिसांसाठी म्हणून ईशापूरच्या रायफल कारखान्यात ली-एनफील्ड रायफलीच्या नळ्या .४१० मापाला गुळगुळीत करून एकबारी मस्केट बनवली गेली. पुढे कित्येक दशके ती ठाण्याठाण्यांत दिसत राहिली. तिचे काडतूस .३०३ च्या कवचावर बेतलेले असते, म्हणून दुकानी फोर टेनचे काडतूस तिला चालत नाही. नाव सारखे पाहून दोन्ही एक समजण्याची चूक आजही होते आणि ती धोक्याची आहे. खेड्यात मात्र राज्य केले ते ठासणीच्या बंदुकीने. तोंडाकडून दारू, बोळा आणि छर्रे गजाने ठासायचे, मागे केप बसवायची आणि एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून. कोकणात आणि घाटमाथ्यावर हीच शेताच्या राखणीची बंदूक होती. या बंदुकांच्या नळ्यांना ठरावीक माप असे नसे. पुष्कळशा बारा बोअरहून बारीकच असत.

संस्थानी काळात करवीरच्या रानाला शिकारीचा मोठा दरारा होता. राजर्षी शाहू महाराजांच्या शिकारीच्या आठवणी जिल्ह्यात अजून सांगितल्या जातात. देशी चित्ता दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणून माळावर काळविटांमागे सोडण्याची प्रथा ज्या मोजक्या संस्थानांनी चालू ठेवली, त्यांत कोल्हापूर होते. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे आणि शस्त्रे आजही पाहायला मिळतात. दाजीपूरचे रान संस्थानचे शिकारीसाठी राखलेले जंगल होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि नऊ वर्षांनी, १९५८ मध्ये, त्याच रानात गव्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले. महाराष्ट्रातले ते सर्वांत जुने अभयारण्य. शिकारीपासून संरक्षणापर्यंतचा प्रवास एकाच रानात इतक्या थोड्या अवधीत झालेला दुसरीकडे क्वचितच आढळेल. मराठी साहित्यातही त्याची पावले आहेत. भानू शिरधनकरांच्या शिकारकथांची एक पिढी चाहती होती. व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनात शिकारी हळूहळू मागे सरतो आणि निरखणारा माणूस पुढे येतो.

पक्षिशास्त्राने छोट्या बोअरचा केलेला उपयोग या इतिहासात सहसा सांगितला जात नाही. दुर्बिणी आणि कॅमेरे आजच्यासारखे नसताना पक्ष्याची ओळख पटवायची तर कातडी हातात घ्यावी लागे, आणि ती फाटू नये म्हणून संग्राहक बारीक नळीतून अगदी भुकटीसारखे छर्रे वापरत. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा कातड्यांचा संग्रह हे त्या काळाचे संचित आहे. सालिम अलींचा पक्ष्यांशी परिचय लहानपणी एअरगनने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीतून झाला, ही हकिकत सर्वश्रुत आहे.

आज महाराष्ट्रात शिकार हा शब्द कायद्याच्या बाहेर गेला आहे. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा परवाने देऊन शिकार चालू ठेवणारा होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने ती आवळली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकार बंदच केली. ससा, तितर, लाव्हा, होला हे छोट्या बोअरचे परंपरेने ठरलेले लक्ष्य आज भारतात कोणत्याही बंदुकीला मोकळे नाही. म्हणून पुस्तकात शिकारीचा भाग येतो तो इतिहास म्हणून, किंवा जिथे ती कायदेशीर आहे अशा देशांतल्या मराठी वाचकांसाठी.

पिकाच्या राखणीचा प्रश्न मात्र जिवंत आहे, आणि वारणा खोऱ्याइतका तो थोड्याच ठिकाणी स्पष्ट दिसेल. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती वारणानगर वसले आणि पन्हाळा तालुक्याच्या या भागात नदीच्या दोन्ही काठांना ऊस पसरला. आडसाली लावण सोळा-अठरा महिने उभी राहते. एवढा काळ माणूस आत शिरत नाही, पाणी जवळ असते आणि सावली दाट असते. रानडुकराला याहून चांगले जंगल चांदोलीतही मिळणार नाही. रात्री ते बुडख्याशी ऊस फोडते, शेजारच्या भुईमुगाच्या ओळी नांगरून काढते आणि पहाटे पुन्हा उसात शिरते. पश्चिमेकडच्या गावांत गवाही भातात आणि उसात उतरतो.

या परिस्थितीत शेतकऱ्याच्या हातात काय असते? १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद स्पष्ट केलेली आहे, आणि ती अपुरी पडेल असे परवाना अधिकाऱ्याला वाटले तर किमान वीस इंच नळीची दुसरी गुळगुळीत बंदूकही देता येते. पण बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. ही गोष्ट गावोगाव पुन्हा पुन्हा सांगावी लागते. रानडुक्कर कायद्याने संरक्षित आहे. त्याच्यावर बार टाकायचा तर वन्यजीव अधिनियमाच्या अकराव्या कलमाखाली वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि महाराष्ट्रात ती मागण्याची वाट शेतकऱ्यांना खुली ठेवलेली आहे. गवा पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. राखणीच्या बंदुकीचा त्याच्याशी संबंध येऊ नये.

छोट्या बोअरचा रानडुकराशी काय संबंध, याचे प्रामाणिक उत्तर ‘जवळपास काहीच नाही’ असे आहे. वयात आलेल्या नराच्या खांद्यावर घट्ट कातडीची जाड ढाल असते. बारीक छर्रे तिथे केवळ जखमा करतात, आणि जखमी डुक्कर उसात शिरले की सकाळी तोडीला आलेल्या टोळीच्या वाटेत येते. परवानगी मिळाल्यावरही हे काम बारा बोअरचे, जाड छर्‍यांचे आणि सरावलेल्या हाताचे आहे. एलजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाड छर्‍यांचे बारा बोअरच्या काडतुसात नेहमी सहा नग असतात, प्रत्येकी नऊ मिलिमीटरहून अंमळ मोठा. इथे फ्रेंच सेनाधिकारी जुर्ने याचा ठोकताळा लक्षात ठेवावा. छर्‍याचा इंचातला व्यास २२०० ने गुणला की तो जास्तीत जास्त किती यार्ड जाईल ते कळते. त्या हिशोबाने एलजीचा छर्रा सातशे मीटरवर जाऊन पडू शकतो, सहा नंबरचा सुमारे दोनशे मीटरवर. शेवटचा पट्टा तोडताना डुकरे त्यात कोंडलेली असतात, भोवती कोयते चालू असतात, पलीकडच्या बांधाला कोप्यांत पोरे असतात. उसात दहा हातांपलीकडचे दिसत नाही. अशा जागी बार काढण्याचा मोह होतो तेव्हाच तो टाळायचा असतो.

छोट्या बोअरचा राखणीतला उपयोग यापेक्षा साधा आहे. ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात तेव्हा गोफणीइतकाच बंदुकीचा आवाजही चालतो. हलकी बंदूक रात्रभर माळ्यावर जवळ ठेवता येते आणि हवेतल्या बाराने कळप पांगतो. त्याचा परिणाम थोडा काळ टिकतो, कारण जनावरे आवाजाला सरावतात. सौर कुंपण, गटाने केलेली राखण आणि नुकसानभरपाईचा वेळेवर केलेला अर्ज यांची जोड नसेल, तर कोणतीही बंदूक पीक वाचवत नाही. दुसरीकडे, उसाच्या बांधावर गावठी बाँब आणि विजेच्या तारा लावण्याचे प्रकार माणसांच्या आणि बिबट्यांच्या जिवावर उठतात. त्याविषयी पुस्तकात कोणतीही संदिग्धता ठेवलेली नाही.

मातीच्या तबकड्यांवरची नेमबाजी हा या विषयाचा तिसरा आणि आज सर्वांत मोकळा पैलू. इंग्लंडमध्ये जिवंत कबुतरे सापळ्यातून सोडून बार टाकत. पुढे काचेचे चेंडू आले आणि १८८० मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की याने मातीची तबकडी काढली. आजची तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे १०५ ग्रॅम वजनाची असते. ट्रॅपमध्ये ती नेमबाजापासून दूर जाते. स्कीटमध्ये उंच आणि बुटक्या अशा दोन घरांतून आडवी येते. स्कीटचा जन्म अमेरिकेत अँडोव्हर गावी पक्ष्यांच्या शिकारीचा सराव म्हणून झाला आणि अमेरिकी स्कीटमध्ये बारा, वीस, अठ्ठावीस आणि .४१० अशा चार बोअरच्या वेगळ्या स्पर्धा रुजल्या. छोट्या बोअरची कसोटी जगात सर्वांत निष्ठेने तिथे घेतली जाते. ऑलिम्पिकच्या नियमांत बारापेक्षा मोठा बोअर चालत नाही, लहान चालतो. पण छर्‍यांची मर्यादा सर्वांना २४ ग्रॅमचीच असल्याने तिथे जवळजवळ सगळे बारा बोअरच वापरतात. भारताचा या खेळातला वारसा मोठा आहे. बिकानेरचे करणी सिंह १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदकाचे मानकरी ठरले, आणि राज्यवर्धन सिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचे रौप्यपदक आणले.

कोल्हापूरने रायफल आणि पिस्तुलात जे कमावले ते तबकड्यांच्या खेळात का नाही, हा प्रश्न इथे पडणे रास्त आहे. दुधाळीसारखी बंदिस्त रेंज शहरात उभी राहू शकते. तबकड्यांना मात्र छर्रे पडण्यासाठी समोर दोन-अडीचशे मीटर निर्धोक मोकळी जागा लागते आणि प्रत्येक फेरीला पंचवीस-पंचवीस काडतुसांनी खर्च वाढत जातो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याने बनवलेली बारा बोअरची शक्तिमान काडतुसे देशभर ओळखीची आहेत. वीस, अठ्ठावीस आणि .४१० च्या काडतुसांचा पुरवठा त्या मानाने अगदी तुरळक. बंदुकांची आयात सामान्य परवानाधारकाला १९८० च्या दशकापासून बंद आहे, नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत. त्यामुळे देशातल्या बहुतेक छोट्या बोअरच्या बंदुका वाडवडलांकडून आलेल्या, जुन्या नळ्यांच्या आहेत. अशी बंदूक चालवण्याआधी जाणत्या बंदूकसाजाकडून तिची कोठी आणि नळीची जाडी तपासून घेणे अपरिहार्य आहे.

सुरक्षेचा एक मुद्दा छोट्या बोअरच्याच वाट्याला आलेला आहे. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत पडले तर ते कोठीतून पुढे घसरते आणि आत अडकून बसते. नळी रिकामी वाटते. मग मागून बाराचे काडतूस भरून चाप ओढला की नळी डाव्या हाताशी फुटते. याच कारणाने वीस बोअरची कवचे जगभर पिवळी ठेवण्याचा प्रघात पडला. ज्या घरात दोन मापांच्या बंदुका आहेत तिथे खिशात एकाच मापाची काडतुसे हवीत. हलक्या बंदुकीने पोरांना शिकवण्याची पद्धतही तपासून पाहण्यासारखी आहे. फोर टेन कमी धक्का देते, पण नेम चुकण्याला जागाच ठेवत नाही. नवख्याला त्यातून निराशा मिळते. जरा वजनदार वीस बोअर, २१ किंवा २४ ग्रॅमच्या काडतुसांसह, हा शिकवण्याचा अधिक समंजस मार्ग आहे.

शिशाचा प्रश्न आता टाळता येत नाही. पाणपक्षी खडे समजून छर्रे गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे बंद केले आणि युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी. पोलादी छर्रे हलके असतात. मुळातच कमी छर्‍यांच्या फोर टेनला ते फारसे मानवत नाहीत. बिस्मथ आणि टंगस्टन हे पर्याय महाग आहेत. ओलिताच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या शिसे पडू द्यायचे का, हा विचार वारणेच्या काठीही करायला हवा.

या सगळ्या विषयाची मराठीतून एकत्र मांडणी करण्याचा हा प्रयत्न आहे. बंदूक बाळगणारा शेतकरी, रेंजवर पहिल्यांदा जाणारा तरुण, वारशाने बंदूक आलेले कुटुंब आणि वन्यजीवांचा अभ्यासक हे चार वाचक समोर ठेवून पुस्तक लिहिलेले आहे. बंदुकीचे गोडवे गाणे किंवा तिला दूषणे देणे त्यात नाही. प्रत्येक मापाला त्याची कक्षा ठरवून देणे आणि त्या कक्षेबाहेर ती न वापरण्याची कारणे आकड्यांनी दाखवणे यावर भर आहे. शस्त्र नियम २०१६ मधले परवान्याआधीचे सुरक्षा-प्रशिक्षण, २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवण्याची घातलेली मर्यादा, पाच वर्षांचे नूतनीकरण आणि निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करण्याची पद्धत यांची माहिती मूळ तरतुदींच्या आधारे दिलेली आहे. बंदूक घरी बनवणे, नळी कापणे किंवा काडतुसात फेरफार करणे यांविषयी पुस्तकात काहीही नाही. छर्‍यांचे नंबर इंग्लिश मापाचे आहेत. अमेरिकी सहा नंबर त्याहून किंचित जाड असतो, म्हणून परदेशी काडतुसांच्या खोक्यावरचा मिलिमीटरमधला व्यास वाचून मगच कोष्टके वापरावीत.